‘पिप’ची फोनवरची तपासणी: काय विचारतात, काय मोजतात आणि तयारी कशी करावी

ब्रिटनमध्ये दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्या प्रौढांना सरकारकडून मिळणाऱ्या मुख्य भत्त्याचं नाव ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’. कागदोपत्री पीआयपी, बोलताना सगळ्यांच्या तोंडी ‘पिप’. हा भत्ता मिळणार की नाही, हे बऱ्याच अर्जांमध्ये एका फोन कॉलवर ठरतं. कॉल तासाभराचा, समोर अनोळखी माणूस, आणि सगळं बोलणं इंग्रजीत.

लेस्टर, स्लाव किंवा हॅरोमधल्या मराठी घरात हा फोन वाजतो तेव्हा पलीकडून आधी साधी विचारपूस होते, ‘आज कसं वाटतंय?’ आणि सवयीने उत्तर जातं, ‘छान, मजेत.’ चार लोकांत आपलं दुखणं उगाळू नये, ही शिकवण अंगात मुरलेली असते. एरवी ती चांगलीच आहे. या एका तासापुरती मात्र ती महागात पडू शकते.

भत्ता कशाचा, किती

२०१२ च्या वेल्फेअर रिफॉर्म कायद्याखाली एप्रिल २०१३ पासून पिप सुरू झाला. त्याआधीच्या ‘डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स’ची जागा त्याने घेतली. अर्ज करताना वय १६ किंवा त्याहून जास्त आणि सरकारी पेन्शनच्या वयाच्या आत असावं लागतं. त्रास किमान ३ महिने सुरू असावा आणि पुढे निदान ९ महिने राहण्याची शक्यता असावी.

भत्त्याचे दोन भाग आहेत, रोजच्या जगण्याचा आणि हालचालीचा. २०२५-२६ या वर्षासाठी पहिल्या भागाचे दर आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड होते, दुसऱ्याचे २९.२० किंवा ७७.०५ पौंड. दोन्ही भाग वरच्या दराने मिळाले तर त्या वर्षी साधारण ९,७०० पौंड होत. यावर आयकर नाही. नोकरी, पगार किंवा बँकेतली शिल्लक यांच्याशीही त्याचा संबंध नाही. नोकरी करणाऱ्या माणसालाही तो मिळतो, आणि हे अनेकांना माहीत नसल्याने ते अर्जच करत नाहीत. शिवाय रोजच्या जगण्याचा भाग मंजूर झाला, तर आठवड्याला ३५ तास काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला वेगळ्या ‘केअरर्स अलाउन्स’साठी अर्ज करता येतो. म्हणजे एका फोनवर दोन माणसांचं उत्पन्न अवलंबून असू शकतं.

पेन्शनचं वय झालेल्या आईवडिलांसाठी नव्याने पिप मागता येत नाही. त्यांच्यासाठी ‘अटेंडन्स अलाउन्स’ आहे. स्कॉटलंडमध्ये २०२२ पासून पिपऐवजी ‘अॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट’ आहे आणि ते तिथलं सरकार स्वतः चालवतं. पुढची माहिती मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे.

फोन कोण करतं

अर्ज ‘डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स’, म्हणजे डीडब्ल्यूपी या खात्याकडे जातो. खातं एक लांबलचक फॉर्म पाठवतं. तो भरून परत करायला एक महिना असतो. पुढची तपासणी खातं स्वतः करत नाही, ते काम ठेक्याने दिलेलं आहे. सप्टेंबर २०२४ पासून नवे ठेके सुरू झाले आणि भागांप्रमाणे मॅक्सिमस, कॅपिटा, सर्को आणि इंजियस या कंपन्यांकडे हे काम आलं. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे समोरासमोरच्या तपासण्या थांबल्या आणि फोनवरच्या सुरू झाल्या. साथ संपली तरी फोन राहिला.

फोनवर बोलणारी व्यक्ती आरोग्य क्षेत्रातली असते. ती नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पॅरामेडिक किंवा डॉक्टर यांपैकी कोणीही असू शकते. ती अर्जदाराच्या आजाराची तज्ज्ञ असेलच असं नाही. भत्ता द्यायचा की नाही हेही ती ठरवत नाही. ती अहवाल लिहून गुण सुचवते आणि निर्णय डीडब्ल्यूपीचा अधिकारी घेतो. त्या अधिकाऱ्याने अर्जदाराचा आवाजही ऐकलेला नसतो. त्याच्यासमोर असतो भरलेला फॉर्म, जोडलेली कागदपत्रं आणि हा अहवाल.

काही अर्जांत कागदपत्रं इतकी पुरेशी असतात की फोन करावाच लागत नाही. वर्षभराहून जास्त जगण्याची शक्यता नसलेल्या रुग्णांसाठी तर वेगळा जलद मार्ग आहे. त्यात ही तपासणी नसते.

आजाराला गुण नसतात

पिपमध्ये ‘कोणता आजार आहे’ याला एकही गुण नाही. मधुमेह, संधिवात, नैराश्य, फिट्स, कंबरेचा मणका, काहीही असो, गुण मिळतात ते त्या आजारामुळे रोजची कामं कशी होतात याला. कामांची यादी ठरलेली आहे. रोजच्या जगण्याच्या भागात १० कामं आहेत: जेवण बनवणं, खाणं, औषधोपचार सांभाळणं, आंघोळ, शौचाला जाणं, कपडे घालणं-काढणं, बोलणं-ऐकून समजणं, वाचणं, लोकांत मिसळणं आणि पैशाचे निर्णय घेणं. हालचालीच्या भागात दोन आहेत: प्रवास ठरवून तो पार पाडणं आणि प्रत्यक्ष चालणं. त्या भागात ८ गुण झाले की साधा दर आणि १२ झाले की वरचा दर.

या यादीतल्या शब्दांचे अर्थ कायद्याने बांधलेले आहेत आणि ते रोजच्या अर्थांशी जुळत नाहीत. ‘जेवण बनवणं’ म्हणजे एका माणसापुरता ताज्या भाज्यांचा एक साधा पदार्थ, सोलणं-चिरणं धरून. शिजवणं म्हणजे कंबरेच्या उंचीवर किंवा त्याच्या वर, म्हणजे ओट्यावर. त्यामुळे ‘खाली वाकून ओव्हनमधून ट्रे काढता येत नाही’ या तक्रारीला इथे वजन नाही. ‘गाजर चिरताना सुरी हातातून निसटते’ याला आहे. चार माणसांच्या पोळ्या लाटता येत नाहीत हे घरासाठी मोठं संकट असेल, पण तपासणाऱ्याला एका माणसाच्या भाजीचं विचारायचं असतं.

कपड्यांच्या बाबतीत मात्र नियम उदार आहे. अर्जदाराच्या संस्कृतीला साजेसे, खास बदल न केलेले कपडे धरायचे, असं तपासणी करणाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत आहे. आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईला निऱ्या काढणं आणि पिन लावणं जमत नाही म्हणून ती गाऊनवर वावरत असेल, तर ते तसंच सांगायला हवं. ‘आता मी गाऊनच घालते, सोपं पडतं’ एवढंच सांगितलं तर अहवालात उतरेल, ‘कपडे स्वतः घालते’.

चालण्याचे गुण अंतरावर आहेत. २० मीटरच्या पुढे जाता येत नसेल तर १२ गुण. दोन डबलडेकर बस एकामागे एक उभ्या केल्या की साधारण एवढं अंतर होतं. ‘दुकानापर्यंत जातो’ हे उत्तर म्हणूनच घातक आहे. दुकान किती लांब, मध्ये किती वेळा थांबावं लागतं, किती मिनिटं लागतात आणि परत आल्यावर काय अवस्था होते, हे सगळं त्या एका वाक्यात हरवून जातं. फोनच्या आधी घरापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर घरातल्या कुणाकडून मोजून घेतलेलं बरं.

‘जमतं’ म्हणजे नेमकं काय

या तपासणीतली सर्वांत उपयोगी गोष्ट नियमांत लिहिलेली आहे, तरी फोनवर ती कुणी आपणहून समजावून सांगेलच असं नाही. एखादं काम ‘जमतं’ असं धरायचं, तर ते चार कसोट्यांवर उतरावं लागतं. ते सुरक्षितपणे व्हायला हवं. ठीकठाक दर्जाचं व्हायला हवं. जितक्या वेळा करावं लागतं तितक्या वेळा करता यायला हवं. आणि वाजवी वेळात, म्हणजे निरोगी माणसाला जास्तीत जास्त लागेल त्याच्या दुपटीपेक्षा अधिक वेळ न लागता व्हायला हवं. यातली एक जरी कसोटी चुकली तरी ते काम त्या रीतीने ‘जमत नाही’.

मराठीत आपण किती सहज म्हणतो, ‘हळूहळू करते’, ‘बसत-उठत होतं’, ‘चालतंय कसंबसं’. या प्रत्येक वाक्यात एक कसोटी दडलेली आहे. ‘हळूहळू’ म्हणजे किती? दहा मिनिटांच्या आंघोळीला पाऊण तास लागत असेल, तर तो दुपटीच्या कितीतरी पुढे गेला. ‘एकदा करते, मग दिवसभर पडून असते’ यात वारंवारतेची कसोटी मोडली. ‘कसंबसं’ म्हणजे केसांतला शाम्पू निघत नाही, पाठ धुतली जात नाही, म्हणजे दर्जाची मोडली. फिट येणाऱ्या माणसाला बाथटबमध्ये उतरता येतं, पण एकटं उतरणं धोक्याचं असतं. इथे सुरक्षिततेचा प्रश्न येतो. फिट रोज येत नाही, हे त्यावर उत्तर नाही. धोका किती वेळा येतो याबरोबरच आला तर काय होईल हेही पाहायचं, असा निर्णय ‘अपर ट्रिब्यूनल’ने २०१७ मध्ये दिला आहे.

दुसरा नियम दिवसांचा. वर्णन निम्म्याहून जास्त दिवसांना लागू पडायला हवं. आणि एखाद्या दिवशी सकाळचे दोन तासच बोटं आखडलेली असली, तरी त्या कामाच्या नेहमीच्या वेळेला ते अडत असेल तर तो दिवस मोजला जातो. आजार कमी-जास्त होणाऱ्यांची इथे फसगत होते. कुणी चांगल्या दिवसाचं सांगतं, कारण तेच सांगायला बरं वाटतं. कुणी सगळ्यात वाईट दिवसच रोजचा म्हणून सांगतं आणि मग जीपीच्या नोंदींशी ते जुळत नाही. दोन्हीपेक्षा आकडा बरा. ‘आठवड्यातले चार-पाच दिवस असं, उरलेले दोन बरे’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याला लिहायला काहीतरी मिळतं. त्यासाठी फोनच्या आधी दोन-तीन आठवडे कॅलेंडरवर रोज एक ओळ लिहिली तरी पुरते.

मदत म्हणजे फक्त हात धरणं नव्हे. आठवण करून देणं, समजावणं, मागे लागून करायला लावणं, हेही नियमांत मदतच आहे. नैराश्य असलेल्या मुलाला रोज ‘अरे, आंघोळ कर’ म्हणून तीन वेळा सांगावं लागत असेल, तर आईला ते संसाराचं काम वाटतं, मदत वाटत नाही. तसंच साधनांचं. बाथरूममधली दांडी, शॉवरखालचं स्टूल, जाड मुठीची सुरी, गोळ्यांचा सात खणांचा डबा यांचा उल्लेख राहून जातो, कारण ती आता घराचाच भाग झालेली असतात.

भाषेचा पेच

इंग्रजी येत नाही म्हणून गुण मिळत नाहीत. बोलण्याचं आणि वाचण्याचं काम अर्जदाराच्या मातृभाषेत धरलं जातं, असं नियमांतच आहे. मराठी नीट बोलता-वाचता येत असेल तर त्या दोन कामांत अडचण नाही असंच मानलं जाईल. पण तपासणी समजण्यासाठी दुभाष्या मागता येतो आणि त्याचे पैसे अर्जदाराला द्यावे लागत नाहीत. तो आधी मागावा लागतो. भेटीची वेळ कळवणारं पत्र किंवा मेसेज आला की लगेच कंपनीला सांगणं चांगलं.

बरीच घरं मुलाला किंवा सुनेला फोनवर बसवतात. घरचं माणूस सोबत असायला हरकत नाही, ते आपलं निरीक्षणही सांगू शकतं. पण शौचाच्या प्रश्नाला आई मुलासमोर काय सांगणार? लघवी सुटते, पॅड लागतात, रात्री दोनदा कपडे बदलावे लागतात, हे तिने आजवर त्याला कळूच दिलेलं नसतं. प्रश्न आला की ती म्हणते, ‘तसं काही नाही.’ किंवा ती सांगते आणि मुलगा संकोचून सौम्य करून भाषांतर करतो. दोन्हीचा परिणाम एकच, शून्य गुण. अनोळखी दुभाष्यापुढे या गोष्टी पुष्कळदा सोप्या जातात. मुलीला किंवा मैत्रिणीला शेजारी बसवणं हाही एक मार्ग आहे.

फोन येण्याआधी

भरलेल्या फॉर्मची प्रत समोर हवी. ती ठेवली नसेल तर डीडब्ल्यूपीकडून मागता येते. फोनवरचं बोलणं आणि फॉर्ममधलं लिहिणं यांत फरक दिसला की शंका घेतली जाते. फॉर्म पाठवल्यानंतर काही बदललं असेल, तर ‘तेव्हा असं होतं, आता असं आहे’ हे सरळ सांगितलेलं बरं.

त्याशेजारी औषधांची यादी, गोळ्यांच्या ताकदीसह. तज्ज्ञांची नावं, शेवटच्या भेटींच्या साधारण तारखा, पडण्याच्या किंवा हॉस्पिटलात नेण्याच्या घटना. नवी कागदपत्रं आधीच पाठवावीत, त्यांच्या प्रती, मूळ नव्हेत. जीपीच्या पत्राला पैसे पडू शकतात आणि त्यात बहुधा निदानच असतं. त्यापेक्षा रोज घरी येणाऱ्या केअररचं किंवा फिजिओचं चार ओळींचं पत्र कधीकधी अधिक कामाचं ठरतं, कारण त्यांनी माणसाला जिना चढताना पाहिलेलं असतं.

कॉलचं रेकॉर्डिंग हवं असेल तर तेही आधी मागावं लागतं. फोनवर बोलणं शक्यच नसेल, ऐकू कमी येत असेल किंवा फोनच्या विचारानेच पॅनिक होत असेल, तर समोरासमोर किंवा व्हिडिओवर तपासणीची विनंती करता येते. कारण मात्र स्पष्ट सांगायचं.

फोन बहुतेकदा नंबर न दिसता येतो. एरवी असे कॉल न उचलणारी माणसं इथे अडकतात. कॉल चुकला आणि त्याला पटण्यासारखं कारण नसेल, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ठरल्या वेळी फोन चार्ज केलेला आणि हाताशी हवा. ओळख पटवण्यासाठी काही प्रश्न विचारतील, पण कार्डचा पिन किंवा ओटीपी मागणारा माणूस तपासणीसाठी फोन करत नाहीये हे नक्की समजावं.

बोलणं सुरू झाल्यावर

प्रश्न एकेका कामाला धरून येतीलच असं नाही. ‘तुमचा नेहमीचा दिवस कसा जातो?’ असा मोकळा प्रश्न येतो. मध्येच विचारतात: गाडी चालवता का? घरात कुत्रा आहे का? टीव्हीवर काय पाहता? सुट्टीत कुठे गेला होतात? या गप्पा नसतात. गाडी चालवण्यावरून हाताची पकड आणि लक्ष किती टिकतं याचा अंदाज बांधला जातो, कुत्र्यावरून चालण्याचा. ‘डिसेंबरात पुण्याला जाऊन आलो’ एवढंच उत्तर दिलं तर दहा तासांच्या विमानप्रवासाची ताकद आहे असं दिसतं. विमानतळावर व्हीलचेअर घेतली होती, बॅगा मुलाने उचलल्या, पोचल्यावर चार दिवस अंथरुणात गेले, हेही उत्तरातच यायला हवं.

फोनवर शारीरिक तपासणी होत नाही, पण ऐकून टिपणं होतं. धाप लागली का, शब्द अडखळले का, लक्ष भरकटलं का, तारखा आठवल्या का, हे अहवालात लिहिलं जातं. म्हणून वेदना वाढली तर ‘आता बसवत नाही, पाच मिनिटं थांबूया’ असं म्हणावं. दात-ओठ खाऊन तास काढला तर ‘तासभर अडचणीशिवाय बोलले’ अशी नोंद होऊ शकते. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगता येतं. ‘हो’ किंवा ‘नाही’वर थांबू नये. तपासणाऱ्याने एखादं काम गाळलं तर शेवटी ‘आंघोळीचं विचारलंच नाहीत’ अशी आठवण करून द्यावी.

वाढवून सांगणं हा मार्ग नाही. ते खोटं तर असतंच, शिवाय एक गोष्ट खोटी ठरली की नऊ खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो.

निर्णय आणि त्यानंतर

अहवालाची प्रत डीडब्ल्यूपीला फोन करून मागता येते. ती निर्णय काहीही आला तरी मागावी, कारण पिप बहुधा ठरावीक मुदतीसाठी मिळतो आणि पुनर्तपासणीच्या वेळी हाच अहवाल उपयोगी पडतो.

निर्णय मान्य नसेल तर एका महिन्यात फेरविचार मागायचा. तो विरुद्ध गेला तर पुढच्या एका महिन्यात स्वतंत्र ट्रिब्यूनलकडे अपील. तिथे न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाची माहिती असलेला सदस्य बसतात. फेरविचारात बहुतेकदा पहिलाच निर्णय कायम राहतो आणि तिथेच अनेक जण कंटाळून सोडून देतात. पण सुनावणीपर्यंत पोचलेल्या पिपच्या दाव्यांपैकी निम्म्याहून जास्त दावे अर्जदाराच्या बाजूने लागत आले आहेत. ट्रिब्यूनल आधीचा भत्ता कमीही करू शकतं, म्हणून अपिलाआधी ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’सारख्या ठिकाणी मोफत सल्ला घेणं शहाणपणाचं.

नियम बदलणार अशा पोस्ट अधूनमधून फिरतात. एखाद्या एका कामात किमान ४ गुण हवेत, असा प्रस्ताव मार्च २०२५ मध्ये सरकारने खरोखरच मांडला होता. खासदारांच्या विरोधानंतर जुलैमध्ये तो विधेयकातून काढला गेला आणि विषय मंत्री स्टीफन टिम्स यांच्या नेतृत्वाखालच्या आढाव्याकडे सोपवला गेला.

व्हिसा आणि भारतवारी

मराठी कुटुंबांसाठी एक इशारा फोनच्याही आधीचा आहे. ज्यांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ ही अट आहे, आणि नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर ती सहसा असते, त्यांच्यासाठी पिप हा ‘पब्लिक फंड’मध्येच मोडतो. अर्ज केला तर व्हिसाच अडचणीत येऊ शकतो, तेव्हा आधी इमिग्रेशनचा सल्ला घ्यावा. कायमचं राहण्याचा परवाना मिळाल्यावर ही अट उरत नाही. शिवाय साधारणपणे मागच्या १५६ आठवड्यांपैकी १०४ आठवडे ब्रिटनमध्ये काढलेले असावे लागतात.

भत्ता सुरू झाल्यावर ४ आठवड्यांपेक्षा जास्त काळ भारतात जायचं असेल तर डीडब्ल्यूपीला कळवावं लागतं. तात्पुरत्या मुक्कामात तो १३ आठवड्यांपर्यंत चालू राहतो. त्या आजाराच्या उपचारासाठीच गेलं असेल तर २६ आठवड्यांपर्यंत.